जंकमधून बाहेर काढलेली मेल पुन्हा जंकमध्येच जाते तेव्हा

लक्षण आधी सांगतो. एक सहकारी अनुवादक मला आठवड्यातून दोन-तीनदा तपासलेल्या फाइली पाठवतात. त्यांची मेल थेट जंकमध्ये जाऊन पडायची. मी ‘नॉट जंक’ दाबायचो, मेल निमूटपणे इनबॉक्समध्ये यायची. पुढच्या खेपेची मेल पुन्हा जंकमध्ये. पुन्हा ‘नॉट जंक’. असं जवळजवळ महिनाभर चाललं. दोनदा त्यांचा फोन आला, ‘फाइल मिळाली ना?’ आणि दोन्ही वेळा मी फोन कानाला धरूनच जंकचा फोल्डर उघडला.

मेलचा प्रोग्रॅम थंडरबर्ड, खातं आयमॅपवर, म्हणजे मेल सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचं. नेहमीचे उपाय सगळे करून झाले. त्यांचा पत्ता ॲड्रेस बुकमध्ये घातला. त्यांच्या जुन्या पन्नासेक मेल निवडून ‘नॉट जंक’ केल्या. शिकवलेलं सगळं पुसून पहिल्यापासून शिकवलं. शेवटी वैतागून त्या खात्याचा जंक फिल्टरच बंद केला, म्हटलं येऊ दे काय यायचा तो कचरा.

तरी त्यांची पुढची मेल जंकमध्येच गेली.

इतके दिवस मी ज्याला धरून बदडत होतो त्याचा या प्रकाराशी संबंधच नव्हता, हे तेव्हा कळलं. फिल्टर बंद आहे आणि मेल तरी हलते, म्हणजे हलवणारा दुसराच कुणीतरी आहे. स्पॅमच्या तक्रारी पुन्हा पुन्हा का उद्भवतात, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच. आपण सेटिंग बदलत बसतो, पण मेल नक्की कोणी हलवली हे आधी विचारतच नाही.

मेलला किती हात लागतात ते मोजू. पहिला हात सर्व्हरचा. तुमच्या कंप्युटरवर मेल येण्याआधीच तिथे एक चाळणी झालेली असते. दुसरा हात थंडरबर्डच्या शिकणाऱ्या जंक फिल्टरचा. तिसरा तुम्ही स्वतः कधीतरी बनवलेल्या आणि आता विसरलेल्या नियमांचा, म्हणजे ‘मेसेज फिल्टर्स’चा. आणि चौथा हात, जो कुणाच्याच लक्षात येत नाही, तो त्याच खात्याला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या यंत्राचा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहते आणि सगळी यंत्रं त्याच एका पेटीत हात घालतात. एकाने मेल इकडची तिकडे केली की सगळ्यांकडे ती तिकडे दिसते. कोणी केली, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं.

कोणाचा हात आहे ते ओळखणं

सगळ्यात सोपी खूण फोल्डरचं नाव. माझ्या खात्यात दोन फोल्डर होते, एक ‘स्पॅम’ आणि एक ‘जंक’. ‘स्पॅम’ सर्व्हरने बनवलेला, ‘जंक’ थंडरबर्डने. सहकाऱ्यांची मेल ‘जंक’मध्ये जात होती, म्हणजे सर्व्हर निर्दोष. तुमच्याकडे सर्व्हरच्या फोल्डरचं नावही ‘जंक’च असेल तर ही खूण चालणार नाही, मग थेट मेलचा उगम बघायचा. मेल निवडून कंट्रोल आणि यू दाबा. मेलचं कच्चं रूप उघडतं, वरच्या भागात हेडरच्या ओळींची रांग असते. बहुतेक ओळी डोक्यावरून जातील, जाऊ द्या. एकच शब्द शोधा, ‘एक्स-स्पॅम’. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन ही स्पॅम ओळखणारी चाळणी चालत असेल तर ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ अशी ओळ सापडते. तिच्यात येस किंवा नो, मेलला मिळालेले गुण आणि किती गुणांना स्पॅम धरायचं तो आकडा असतो. हा आकडा मुळात 5.0 ठरवलेला आहे, सर्व्हर चालवणारा तो बदलू शकतो. ‘येस, 6.3’ असं काही दिसलं तर दोष तुमच्या कंप्युटरवर शोधू नका. त्याच ओळीत कोणत्या तपासण्यांवर गुण लागले त्यांची नावंही असतात. मजकूर जवळपास नाही आणि नुसतं चित्र आहे, विषयाची ओळ रिकामी आहे, अशा गोष्टींचे गुण लागतात. पाठवणारी व्यक्ती ओळखीची असेल तर तिला हे सरळ सांगून टाकावं. सही म्हणून भलंमोठं चित्र आणि वर ‘सोबत पाहा’ एवढे दोनच शब्द, अशी मेल कोणत्याही चाळणीला संशयास्पद वाटणारच.

त्याच गर्दीत ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ दिसली तर तिकडेही नजर टाका. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचे निकाल असतात. मेल ज्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने आली, त्या डोमेनने ती खरोखर पाठवली का, एवढंच त्या बघतात. इथे ‘फेल’ असेल तर तुम्ही घरी बसून कितीही शिकवलंत तरी उपयोग नाही. दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या बाजूला करावी लागते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत, त्यामुळे वर्षानुवर्षं बिनबोभाट पोचणाऱ्या काही छोट्या डोमेनच्या मेल अचानक अडकू लागल्या.

सर्व्हर सुटला की थंडरबर्डचा फिल्टर. इथे अंदाज बांधत बसू नका, नोंदवही चालू करा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘जंक’चा भाग, आणि त्यात ‘एनेबल ॲडॅप्टिव्ह जंक फिल्टर लॉगिंग’. टिक करा आणि दोन दिवस सोडून द्या. या फिल्टरने एखाद्या मेलला जंक ठरवलं की कोणाकडून आलेली, कोणत्या विषयाची, कधीची, अशी ओळ त्यात पडते. शेजारच्या ‘शो लॉग’ने ती वाचता येते. माझ्या बाबतीत मेल जंकमध्ये होती आणि लॉग कोरा होता. म्हणजे या कंप्युटरवरचा फिल्टर हातच लावत नव्हता.

मग मी महिनाभर फसलो कसा? त्या मेलवर जंकची ज्वाळेची खूण दिसत होती. उघडली की वर पट्टीही यायची, की थंडरबर्डला ही मेल जंक वाटते. साहजिकच मला वाटलं की माझ्यासमोर उघडलेल्या थंडरबर्डलाच ती जंक वाटते. पण आयमॅपमध्ये ही खूण मेलसोबत सर्व्हरवर जाऊन बसते. दुसऱ्या कंप्युटरवरच्या थंडरबर्डने खूण केली, तरी इथल्या थंडरबर्डमध्ये ती तशीच दिसते आणि पट्टीतला मजकूर काही बदलत नाही. पट्टीत फक्त ‘थंडरबर्ड’ म्हटलेलं असतं, ‘कोणता’ ते नसतं.

राहिलेला धागा मोबाइलने दिला. एका सकाळी मोबाइलवर त्यांच्या मेलची सूचना आली, मेल इनबॉक्समध्ये दिसली, आणि मी बोट लावेपर्यंत डोळ्यांदेखत नाहीशी झाली. टेबलावरचा कंप्युटर तेव्हा बंद होता. म्हणजे सर्व्हरने मेल व्यवस्थित इनबॉक्समध्ये आणून दिली आणि मिनिटभरात कोणीतरी ती उचलून नेली.

तो कोणीतरी म्हणजे माझा जुना लॅपटॉप. स्कॅनर त्यालाच जोडलेला असल्यामुळे तो कपाटावर चोवीस तास चालू. कंप्युटर सुरू होताना थंडरबर्ड आपोआप उघडावा अशी सोय मीच कधीकाळी करून ठेवलेली. खातं तेच. शिकवणी मात्र चार वर्षांपूर्वीची, ॲड्रेस बुकही तेव्हाचं, त्यात या सहकाऱ्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. थंडरबर्ड जे शिकतो ते त्या त्या कंप्युटरवरच्या एका फाइलमध्ये साठवतो. ते एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. ॲड्रेस बुकही जात नाही, मुद्दाम जुळवणी केलेली नसेल तर. मी टेबलावर बसून शिकवत होतो आणि कपाटावरचा अडाणी माझ्या आधी मेल उचलत होता.

लॅपटॉपवरचं खातं काढलं, प्रश्न मिटला. दोन कंप्युटरवर एकच खातं खरोखरच वापरावं लागत असेल तर शिकणारा फिल्टर एकाच ठिकाणी चालू ठेवा, जो जास्त वेळ चालू असतो आणि ज्याच्यासमोर तुम्ही बसता त्यावर. दुसरीकडे ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये त्या खात्याच्या ‘जंक सेटिंग्ज’मधली पहिलीच टिक काढा, ‘एनेबल ॲडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्स’ची. ही टिक प्रत्येक खात्याला वेगळी असते. एका खात्याची काढून बाकीच्यांची तशीच राहिली, असं फार होतं.

याच्या उलटी तक्रारही ऐकू येते, की मोबाइलवर स्पॅमचा पूर असतो आणि कंप्युटर लावला की साफ होतो. तिथे बिघाड काहीच नाही. थंडरबर्डचा फिल्टर थंडरबर्ड उघडा असतानाच चालतो. मोबाइलवरही स्वच्छ इनबॉक्स हवा असेल तर चाळणी सर्व्हरवर हवी, दुसरा इलाज नाही.

शिकवणी कुठे चुकते

समजा लॉगमध्ये ओळी सापडल्या आणि दोषी तुमच्याच समोरचा फिल्टर निघाला. मग तो ठरवतो कसा ते माहीत असलेलं बरं. तो पत्त्यांची काळी यादी ठेवत नाही. तुम्ही जंक म्हटलेल्या आणि जंक नाही म्हटलेल्या मेलमधले शब्द तो मोजतो. एखादा शब्द पहिल्या ढिगात जास्त वेळा आला की दुसऱ्या, यावरून त्या शब्दाचं वजन ठरतं आणि सगळ्या शब्दांच्या वजनांवरून मेलचे शंभरपैकी गुण. गणित थॉमस बेझ यांच्या अठराव्या शतकातल्या संभाव्यतेच्या नियमावरचं आहे. थंडरबर्डमध्ये 90 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की मेल जंक.

यात ‘दुसरा ढीग’ हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक लोक फक्त पहिलाच ढीग भरतात. स्पॅम दिसली की ‘जंक’ दाबतात आणि चांगल्या मेलला काहीच म्हणत नाहीत, ती तर चांगलीच आहे, तिला काय सांगायचं? पण फिल्टरला ते कळत नाही. तुम्ही काही न म्हणता वाचलेली मेल त्याच्या लेखी चांगलीही नाही, वाईटही नाही, ती मोजलीच गेलेली नाही. नुसता कचराच पाहिलेल्या फिल्टरला ‘धन्यवाद’, ‘सोबत’, ‘तारीख’ हे शब्दही कचऱ्यातच भेटलेले असतात. मग तो जवळजवळ प्रत्येक मेलवर संशय घेऊ लागतो.

म्हणून उलट बाजूने सुरुवात करा. ज्या फोल्डरमध्ये तुमच्या खात्रीच्या मेल आहेत तो उघडा, सगळ्या निवडा आणि शिफ्ट धरून जे दाबा. म्हणजे ‘नॉट जंक’. नुसतं जे म्हणजे ‘जंक’, त्यामुळे बोट शिफ्टवर नीट टेकलंय ना ते बघून घ्या. एकदा माझं टेकलेलं नव्हतं आणि दोन वर्षांचा पत्रव्यवहार एका झटक्यात जंकमध्ये गेला. आयमॅपवर सातशे मेल परत आणायला अर्धा तास लागला, आणि ती सातशे चुकीची उदाहरणं फिल्टरच्या डोक्यात बसू नयेत म्हणून प्रत्येक मेलवर पुन्हा ‘नॉट जंक’ची खूण करावी लागली.

दोन्ही ढीग साधारण सारख्या उंचीचे ठेवा. शे-दोनशे चांगल्या, शे-दोनशे वाईट, एवढ्यात माझा फिल्टर बराच सरळ चालू लागला होता. चांगल्या मेलमध्ये विविधता हवी. नुसत्या मित्रांच्या गप्पा शिकवल्यात तर पावत्या आणि आरक्षणाच्या मेल त्याला परक्याच राहतात. पावत्यांची भाषा आणि फसव्या मेलची भाषा यांत शब्दांचं साम्य फार. दोन्हीकडे ‘खातं’, ‘रक्कम’, ‘पडताळणी’, ‘तातडीने’. तेव्हा खऱ्या पावत्या मुद्दाम शिकवाव्यात.

नेहमीच्या बातमीपत्रांना कंटाळून ‘जंक’ दाबायची सवय लागली असेल तर ती सोडा. तुम्ही स्वतः मागवलेलं बातमीपत्र नको असेल तर त्याची सदस्यता रद्द करा. ते जंक म्हणून शिकवलंत की त्यातले सभ्य, नेहमीचे शब्द बदनाम होतात आणि त्याचा फटका भलत्याच मेलला बसतो. खऱ्या स्पॅममधल्या ‘अनसब्स्क्राइब’वर मात्र बोट लावू नका. हा पत्ता जिवंत आहे, एवढीच बातमी तिकडे पोचते.

शिकवणी फारच बिघडली असेल तर ‘जंक’च्याच भागात ‘रीसेट ट्रेनिंग डेटा’ आहे. त्याने सगळं पुसलं जातं आणि तेही सर्व खात्यांचं, कारण एका प्रोफाइलमधल्या (थंडरबर्ड आपली सगळी माहिती ठेवतो त्या फोल्डरमधल्या) साऱ्या खात्यांची शिकवणी एकच असते. बिघडलेली शिकवणी दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुसून नव्याने सुरुवात करणं मला सोपं वाटतं. पण पुसायच्या आधी चांगल्या मेलचा एखादा फोल्डर हाताशी तयार ठेवा, नाहीतर पुसल्यावर नव्या उत्साहात पुन्हा नुसताच कचरा शिकवला जातो आणि दोन आठवड्यांनी तुम्ही तिथेच. पुसून शिकवून झालं की एखाद्या फोल्डरवर ‘टूल्स’मधला ‘रन जंक मेल कंट्रोल्स ऑन फोल्डर’ चालवून बघा. नव्या मेलची वाट पाहत बसावं लागत नाही.

सगळं नीट शिकवूनही चांगल्या मेल अडकत असतील तर 90 ची मर्यादा वाढवता येते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’च्या अगदी तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ आहे. तिथे ‘जंक थ्रेशोल्ड’ असं शोधलं की ओळ सापडते. 95 करून बघा. कमी केलंत तर जास्त कचरा पकडला जाईल आणि त्यासोबत चांगल्या मेलही. मला विचाराल तर चार स्पॅम हाताने काढणं परवडतं, एक कामाची मेल हरवणं परवडत नाही, त्यामुळे मी आकडा खाली कधीच नेत नाही.

स्पॅम सुटते आणि सुटतच राहते

एकाच प्रकारची स्पॅम रोज ‘जंक’ म्हणून शिकवता आणि रोज ती इनबॉक्समध्ये येते, अशी दुसऱ्या टोकाची तक्रार असेल तर शिकवणी सोडून ॲड्रेस बुककडे वळा. ‘जंक सेटिंग्ज’मध्ये ‘पाठवणारा खालील ॲड्रेस बुकमध्ये असेल तर मेल जंक धरू नका’ अशा अर्थाची सोय आहे आणि तिच्याखाली तुमच्या ॲड्रेस बुकांची यादी. ज्या बुकासमोर टिक आहे, त्यातल्या कोणाचीही मेल फिल्टर जंक ठरवत नाही. त्या पत्त्यावरून काहीही येवो.

यात दोन भोकं आहेत. स्पॅम पाठवणारे ‘प्रेषक’ म्हणून तुमच्या ओळखीच्या कोणाचा तरी पत्ता लावू शकतात, हे पहिलं. मेलवरचा प्रेषक हा पाकिटामागे लिहिलेल्या नावासारखा असतो, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. तो पत्ता तुमच्या ॲड्रेस बुकमध्ये असला की मेल आत. तुमच्या स्वतःच्या पत्त्याला मात्र थंडरबर्ड मुळात ही सूट देत नाही. ‘मी तुमचा कंप्युटर हॅक केला आहे, बघा, तुमच्याच पत्त्यावरून लिहितो आहे’ छापाच्या धमकीच्या मेलमध्येही प्रेषक असाच खोटा लिहिलेला असतो. घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा कोणी खात्यात शिरलेलं नसतं. त्यांचं शिकवलेला फिल्टर बघून घेईल.

दुसरं भोक ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’. तुम्ही ज्यांना मेल पाठवता त्यांचे पत्ते थंडरबर्ड या बुकात आपोआप जमा करतो. कधीतरी चिडून एखाद्या स्पॅमला ‘कृपया मला मेल पाठवू नका’ असं उत्तर दिलेलं असतं. झालं, तो पत्ता तुमच्या विश्वासातल्या माणसांत जाऊन बसला. एका परिचितांच्या कंप्युटरवर या बुकात मला असे अकरा पत्ते सापडले. ‘जंक सेटिंग्ज’मध्ये ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’समोरची टिक काढा आणि फक्त ‘पर्सनल ॲड्रेस बुक’समोर ठेवा. त्यात आपण हाताने घातलेली माणसं असतात.

प्रत्येक स्पॅमच्या पत्त्यासाठी एकेक नियम बनवून अडवायचा मार्गही बरेच जण धरतात. माझ्या मते हा वेळेचा अपव्यय. पत्ता एकदाच वापरून टाकून दिलेला असतो. तीनशे नियमांची यादी असलेला एक कंप्युटर मी पाहिला आहे, त्यातले बहुतेक नियम पहिल्या दिवसानंतर पुन्हा कधीही लागू झाले नसतील. पण मेल आली की तपासणी सगळ्यांची होत होती.

विसरलेले नियम

‘मेसेज फिल्टर्स’ खरे कामाचे असतात ते उलट बाजूने, म्हणजे हवी असलेली मेल वाचवायला. पहिलाच नियम असा करा: प्रेषक माझ्या ॲड्रेस बुकमध्ये आहे, तर जंक स्थिती ‘नॉट जंक’ करा आणि पुढचे नियम थांबवा. शेवटच्या कामाचं नाव ‘स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन’. नियम वरून खाली या क्रमाने चालतात. त्यामुळे यादीत वर कुठेतरी जुना, ढिसाळ नियम असेल तर तुमच्या या चांगल्या नियमाची वेळ येईपर्यंत मेल निघून गेलेली असते.

ढिसाळ म्हणजे काय ते एका उदाहरणात. नियमाच्या वर तीन पर्याय असतात: सगळ्या अटी जुळल्या तर, कोणतीही एक जुळली तर, आणि सरसकट सर्व मेल. एकांनी नियम केला होता: विषयात ‘ऑफर’ आहे, आणि प्रेषकात माझ्या कंपनीचं डोमेन नाही, तर जंकमध्ये टाका. अटी अगदी बरोबर, वरचा पर्याय मात्र ‘कोणतीही एक’. दुसरी अट कंपनीबाहेरच्या प्रत्येक मेलला लागू होते. बाहेरची एकूण एक मेल जंकमध्ये! आणि दोष मात्र शिकणाऱ्या फिल्टरला. नियमात ‘नाही’ असलेली अट दिसली की वरचा पर्याय दोनदा वाचा.

नियम जंक तपासणीच्या आधी चालवायचा की नंतर, हेही नियमाच्याच खिडकीत ठरतं. काही न बदलल्यास तो आधी चालतो. ‘जंक असेल तर अमुक करा’ असा नियम आधी चालवला तर काहीच होत नाही, कारण तेव्हा मेलचा निकालच लागलेला नसतो. तिथे ‘आफ्टर जंक क्लासिफिकेशन’ निवडा. ‘नियम केलाय, पण चालतच नाही’ अशा बऱ्याच तक्रारी एवढ्यावर संपतात.

सर्व्हरच्या चाळणीवर तुमचा भरवसा असेल तर तिचा निकाल थेट वापरता येतो. ‘जंक सेटिंग्ज’मध्ये ‘ट्रस्ट जंक मेल हेडर्स’ची टिक आहे, समोर स्पॅमअसॅसिन वगैरे नावांची यादी. सर्व्हरने हेडरमध्ये येस म्हटलं की थंडरबर्डही जंक म्हणतो. आधी मेलच्या उगमात ती ओळ खरोखर आहे का ते बघा, नाहीतर टिक करून उपयोग नाही.

दोन जंक, आणि पॉपवाल्यांसाठी

माझ्यासारखे ‘स्पॅम’ आणि ‘जंक’ असे दोन फोल्डर तुमच्याकडेही झाले असतील तर एकच ठेवा. ‘जंक सेटिंग्ज’मध्ये नव्या जंक मेल कुठे हलवायच्या तिथे ‘अदर’ निवडून सर्व्हरचा ‘स्पॅम’ फोल्डर दाखवा. तपासायला एकच जागा राहते. शिवाय जीमेलसारख्या सेवेत आयमॅपवरून मेल स्पॅम फोल्डरमध्ये हलवली की ती स्पॅम म्हणून कळवली जाते, म्हणजे तुम्ही इथे केलेल्या शिकवणीचा लाभ सर्व्हरच्या चाळणीलाही होतो आणि मोबाइललाही.

त्याच पानावर खाली जुन्या जंक मेल आपोआप काढून टाकायची सोय आहे, दिवसांच्या जागी 14 हा आकडा भरलेला असतो. शिकवणी चालू असेपर्यंत ती टिक करू नका. मेल हरवल्याचं कधीकधी तीन आठवड्यांनी कळतं.

खातं पॉपवर असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरून कंप्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीचं, तर वेगळीच अडचण. पॉपमधून फक्त इनबॉक्स येतो. सर्व्हरने स्पॅममध्ये टाकलेली मेल तुमच्या थंडरबर्डमध्ये कधीच दिसणार नाही, जंकमध्येही नाही. ‘पाठवली म्हणतात पण कुठेच नाही’ अशी मेल ब्राउझरमधून खातं उघडून तिथल्या स्पॅममध्ये शोधावी. एका गृहस्थांची अशी सात महिन्यांची मेल एकगठ्ठा सापडली होती.

अँटिव्हायरसबद्दल एकच. पॉपमध्ये एका फोल्डरच्या सगळ्या मेल साधारणपणे एकाच फाइलमध्ये असतात. त्यात विषारी जोडणी असलेली एक स्पॅम आली आणि अँटिव्हायरसने फाइलच उचलली, की अख्खा इनबॉक्स रिकामा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये अँटिव्हायरसला येणाऱ्या मेल एकेकट्या बाजूला काढू देण्याची टिक आहे, ती करून ठेवा.

आणि कंप्युटर बदलताना एवढं करा. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरमधली ‘ट्रेनिंग डॉट डॅट’ ही फाइल नव्या कंप्युटरवरच्या प्रोफाइलमध्ये नेऊन ठेवा. शिकवलेलं सगळं तिच्यातच आहे. नियमांच्या फाइलचं नाव ‘एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅट’, ती प्रत्येक खात्याच्या फोल्डरात वेगळी असते, तीही न्या. जुन्या कंप्युटरवरचं खातं मात्र त्याच दिवशी काढा, ‘राहू दे, लागलं तर’ म्हणून ठेवू नका.